नातेवाइकांची खोली

शनिवारी दुपारी सव्वाएकला पोर्टरनं रक्तपेढीच्या खिडकीतून सहा नळ्यांची पिशवी आत सरकवली आणि चौथ्या नळीवर वैजयंतीनं आपल्या मुलाचं नाव वाचलं. रामटेके, कुश. जन्मतारीख चौदा मार्च चौऱ्याऐंशी. नाव वाचायचं, तारीख वाचायची, फॉर्मशी ताडून बघायची, नंबर टाकायचा, नळी रॅकमध्ये लावायची, हे ती बर्मिंगहॅमच्या या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं करत आली होती. नावामागं माणूस असतो हे विसरायला शिका, नाहीतर हात थरथरतील आणि चूक होईल, असं नव्या मुलींना तीच सांगायची. आता तिचा हात थरथरत नव्हता. तो नुसता थांबला होता. नळी अजून कोमट होती. फॉर्मवर कुणा ज्युनियर डॉक्टरनं घाईघाईत खरडलं होतं: रस्त्यावर अपघात, मांडीचं हाड मोडलेलं, दोन पिशव्या रक्त, ऑपरेशन थिएटर दोन वाजता. 'तातडीचं' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. दुसरी रेघ कागद फाटेल इतकी जोरात ओढली होती आणि वैजयंती बराच वेळ तीच बघत राहिली.

"मॉरीन, ही तू कर," ती म्हणाली.

"का? काय झालं, बॅब?" मॉरीननं सेंट्रिफ्यूजचं झाकण लावत विचारलं. ती सगळ्यांनाच लाडानं 'बॅब' म्हणायची. शनिवारी लॅबमध्ये त्या दोघीच असायच्या.

"माझा मुलगा आहे."

मॉरीननं नळी घेतली, नाव वाचलं. "पण तो लंडनला असतो ना?"

असतो, असं वैजयंतीच सांगत आली होती. लंडनला असतो, आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, कामामुळे यायला जमत नाही. दोन वर्षांत हे इतक्या वेळा सांगून झालं होतं की ते ऑफिस तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं होतं. मोठ्या काचा, उंच स्टूल, त्यावर वाकून बसलेली कुशची पाठ. कॅमडेनमध्ये असेल असं तिनंच ठरवून टाकलं होतं, कारण लंडनमधला तेवढाच भाग तिला नीट माहीत होता. आणि तो इथंच होता, तीन मजले वर, मांडीचं हाड मोडून. "तू वर जा," मॉरीन म्हणाली. वैजयंती गेली नाही. नळीवरून कळलेली गोष्ट घेऊन वॉर्डात जायचं नसतं, असा नियम होता. पण ती नियमासाठी थांबली नव्हती. रक्त जुळतंय हे कळल्याशिवाय पाय उचलणार नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तेही पुरतं खरं नव्हतं. चाळीस मिनिटं ती स्टुलावर बसून मॉरीनचे हात बघत राहिली. वर गेल्यावर तो 'तू कशाला आलीस' म्हणाला तर काय करायचं, याचं उत्तर चाळीस मिनिटांत सापडेल असं तिला वाटत होतं. सापडलं नाही. डोळ्यांपुढं फक्त ती निळी बॅग येत राहिली. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल महिना होता. जयंतीचा कार्यक्रम होऊन आठ दिवस झाले होते. तिच्या नवऱ्यानं, चंद्रशेखरनं, विहाराच्या हॉलमध्ये समतेवर पाऊण तास भाषण केलं होतं आणि त्याच आठवड्यात कुणीतरी फोन करून त्याला सांगितलं होतं की तुमचा मुलगा डिगबेथच्या एका क्लबमध्ये बायकी कपडे घालून नाचताना दिसला. चंद्रशेखर ओरडला नाही. जेवण झाल्यावर रुमालाला हात पुसत तो म्हणाला, "या घरात राहायचं असेल तर हे नाही. हे असेल तर हे घर नाही." कुश वडिलांकडं बघत नव्हता. तो तिच्याकडं बघत होता. आणि ती उठली, वर गेली आणि तिनं बॅग भरली.

बॅग तिनं भरली. हे कुशशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, चंद्रशेखरलाही ते नीट उमगलं नसावं. त्याच्या बोलण्यानंतर घरात जी शांतता पसरली तिच्यात हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून तिनं इस्त्रीचं टेबल उघडलं. सहा शर्ट. तीन पँट. थंडीची बंडी. दम्याचा पंप आणि एक जास्तीचा पंप. प्रत्येक शर्टाची कॉलर तिनं आधी उलट्या बाजूनं आणि मग सुलट्या बाजूनं दाबली. कुश दारात उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं होतं, "आई, तू पण?" तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा शांत होईपर्यंत. चार दिवस." चार दिवसांसाठी सहा शर्ट. पुढं कितीतरी रात्री ती तो हिशेब उशाशी घेऊन झोपली होती.

"जुळलं," मॉरीन म्हणाली. "दोन्ही पिशव्या. आता जा बघू."

ऑर्थोपेडिक वॉर्डाच्या टेबलापाशी एक तरुण सिस्टर बसली होती. वैजयंतीनं नाव सांगितलं. पांढरा कोट आणि गळ्यातलं कार्ड बघून सिस्टरनं फारसं काही विचारलं नाही. "आत्ताच थिएटरला नेलं," ती म्हणाली. "काळजी करू नका, तो एकटा नव्हता. हिज मम इज हिअर. नातेवाइकांच्या खोलीत बसलीये."

हिज मम. वैजयंतीनं वळून मागं पाहिलं. आपल्यामागं कुणी उभं असेल आणि सिस्टर तिच्याबद्दल बोलत असेल, असं वाटून. मग तिला वाटलं, चूक झाली, दुसऱ्या कुणाचा मुलगा, नाव तेवढं तेच. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हलकं वाटलं. पण जन्मतारीख तिनं दोनदा वाचली होती. मी त्याची आई, एवढं सिस्टरला सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यापुढं सिस्टर विचारणार होती की मग फॉर्मवर नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे जवळचे नातेवाईक, म्हणून तुमचं नाव कसं नाही, आणि त्याला उत्तर होतं, ते उत्तर सहा शर्टांचं होतं. "थँक यू," ती म्हणाली आणि कॉरिडॉरनं खोलीकडं निघाली. पायाखालचं लिनोलियम नुकतंच पुसलेलं होतं. ही बाई कोण असेल? पन्नाशीची, गोरी, सिगारेट ओढणारी, घरभाडं वसूल करणारी? की आपल्यातलीच कुणी, जिनं पोराला ठेवून घेतलं आणि आपल्याला कळवलं नाही? दुसऱ्या कल्पनेनं तिला जास्त राग आला.

खोलीत एक पुरुष बसला होता. उंच, रुंद खांद्यांचा, काळा, पंचावन्नच्या आसपासचा. अंगावर बस ड्रायव्हरचा युनिफॉर्म. मांडीवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी होती, तिच्यातून चंदेरी कापडाचं टोक बाहेर आलं होतं आणि त्या टोकावर रक्त वाळलं होतं. नखं मात्र अतिशय नीट कापलेली, त्यांवर फिकट गुलाबी रंग. वैजयंती दारातच उभी राहिली. तो उठला. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तो इतका वेळ बघत राहिला की तिनं कोटाचं बटण चाचपलं.

"तुम्ही वैजयंती," तो म्हणाला. "हनुवटी तीच आहे."

"तुम्ही कोण?"

"बसवर डेस्मंड. अकरा नंबर, शहराला गोल गोल. घरी ओपल." थोडं थांबून तो म्हणाला, "पोरं मला मदर म्हणतात."

ती समोरच्या खुर्चीत बसली. मग त्यानं काय झालं ते सांगितलं. सावकाश, वाफ्याला पाणी द्यावं तसं. हँड्सवर्थमध्ये चर्चच्या मागं एक हॉल आहे, तिथं आज संध्याकाळी बॉल होता. बॉल म्हणजे काय, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखून त्यानं तेही सांगितलं: पोरं सजून येतात, चालून दाखवतात, नाचतात, समोर परीक्षक बसतात आणि आवडलं की दहाचा आकडा वर धरतात. जो तो कुठल्या ना कुठल्या घराचा असतो. ही घरं विटांची नसतात. घराला आई असते, कधी वडीलही असतात, आणि मुलं असतात, बहुतेक सगळी कुणी ना कुणी बाहेर काढलेली. कपड्यांची खोकी व्हॅनमधून हॉलमध्ये नेताना कुश रस्ता ओलांडत होता, खोक्यामुळे त्याला उजवीकडचं दिसलं नाही, आणि गाडी आली. "ॲम्ब्युलन्समध्ये तो शुद्धीवर होता," ओपल म्हणाला. "सारखा विचारत होता, कपडे खराब झाले का."

मदर. वैजयंती त्या शब्दाला आतल्या आत चिमटा काढून बघत होती. मराठीत मुलाच्या दुसऱ्या आईला काय म्हणतात? सवत म्हणावं तर नवरा मध्ये लागतो. विहीण म्हणावं तर लग्न लागतं. आणि समोरच्या माणसाबद्दल एक साधं वाक्य मनात तयार करायचं तर तो आला की ती आली, हे आधी ठरवावं लागतं. इंग्रजीत ती दोघं 'यू'वर निभावून नेत होती. पण ती विचार मराठीत करत होती आणि प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दापाशी अडत होतं. कुश लहानपणी असंच अडायचा. बाबा आली, आई गेला, बस आला. ती हसून दुरुस्त करायची आणि तो रडकुंडीला यायचा, "पण बसला कुणी सांगितलं ती मुलगी आहे?" तिनं एकदम तुटकपणे विचारलं, "तुम्ही मला कळवलं का नाही? दोन वर्षं झाली. आज तरी?"

"त्यानं नको सांगितलंय."

"मी त्याची आई आहे."

"आहात ना. म्हणून तर अजून सांगायचंय." ओपलनं पिशवी जमिनीवर ठेवली. "शुद्धीवर आल्यावर तो तुम्हाला भेटायचं नाही म्हणाला, तर मला तुम्हाला जा म्हणावं लागेल. मला ते आवडणार नाही. पण मी म्हणेन."

तिच्या कानशिलात रक्त चढलं. याच हॉस्पिटलात, तिच्या मुलाच्या दारातून, हा कोण तिला घालवणार? आणि त्याच क्षणी, नको असताना, तिला नागपूरचे दीनानाथकाका आठवले. छप्पन्न साली तिच्या वडिलांनी, काशीनाथनी, दीक्षा घेतली आणि घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले. तेव्हा ती सहा वर्षांची होती. आजी चंदाबाई त्या दिवशी जी थोरल्या मुलाकडं गेली ती परत आली नाही. काशीनाथ दर रविवारी सायकलवर जाऊन भावाच्या अंगणाबाहेर उभे राहायचे. सख्खे सुटले, आणि मग विहारातले लोक घरचे झाले. दीनानाथकाका कुठल्याही नात्यानं काका नव्हते, पण तिला कॉलेजात घातलं ते त्यांनीच भांडून. तिच्या लग्नात सख्खे मामा आले नाहीत, तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहिले तेही तेच. हे कुणी तिला विचित्र आहे असं सांगितलं नव्हतं. ती त्यांच्याच हाताखाली वाढली होती. पण ते वेगळं, तिनं मनाला दटावलं, ते सगळं वेगळं होतं. कसं वेगळं, हे मात्र मन सांगेना, आणि तिला दीनानाथकाकांचाच राग आला, आत्ता या वेळी आठवल्याबद्दल.

"तो काय करतो?" तिनं विचारलं. आपल्या मुलाबद्दल परक्याला हा प्रश्न विचारताना आवाज बारीक झाला.

"रॅग मार्केटमध्ये कापडाच्या स्टॉलवर असतो. शिवतो फार सुंदर. तुम्ही शनिवारी शेजारच्या बाजारात मासे घ्यायला येता ना, ज्या शनिवारी ड्यूटी नसते? तो तुम्हाला बघतो."

"बघतो?"

"कधी कधी. खाली वाकतो, कापडाच्या गठ्ठ्यामागं. तुम्ही जाईपर्यंत."

"हाक का मारत नाही?"

"तुम्ही वळून बघितल्यावर काय कराल, हे त्याला माहीत नाही." ओपलनं हात गुडघ्यांवर ठेवले. "माझ्याकडं आला तेव्हा त्याच्याकडं एक निळी बॅग होती. आम्ही ती उघडली. मी पंधरा पोरांच्या बॅगा उघडल्यात. कुणाची काळी कचऱ्याची पिशवी असते, कुणाची तीही नसते. या बॅगेत सगळं इस्त्री केलेलं होतं. पंपसुद्धा दोन. मी बघत राहिले. म्हटलं, ही बॅग भरणाऱ्या बाईचा या पोरावर जीव आहे, आणि ती याला न्यायला येणार नाही."

ओपलच्या इंग्रजी वाक्यात स्त्रीलिंग नव्हतं, पुल्लिंगही नव्हतं. पण तिच्या मनात ते 'बघत राहिले' असंच उमटलं होतं, विचार न करता, आणि ते उमटून गेल्यावरच तिच्या लक्षात आलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मांडीच्या हाडाला इतका वेळ लागतो, लागतो, ती स्वतःला सांगत होती. तेवढ्यात सिस्टर दारात आली. "लॅबमधून मॉरीनचा फोन आहे, तुमच्यासाठी." ती टेबलाशी गेली. मॉरीननं इकडचं तिकडचं काही काढलं नाही. "मी हे सांगायला नको," ती म्हणाली, "पण त्यांनी आणखी चार मागवल्यात. आत्ता, पळत या म्हणून. तुला माहीत असावं असं वाटलं."

आणखी चार. सव्वीस वर्षं असे फोन तिनं घेतले होते. चार म्हणजे काय, पळत या म्हणजे काय, हे या मजल्यावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती परत आली, भिंतीला टेकली. ओपल उठून उभी होती. "काय?" तिनं विचारलं. वैजयंतीला वाटलं, न सांगता येईल. हे एकटीनं ठेवता येईल, निदान हे तरी फक्त तिचं राहील. "रक्त जातंय," ती म्हणाली. "थांबत नाहीये. चार पिशव्या आणखी मागवल्यात." ओपलचा तो मोठा चेहरा हळूहळू आतून रिकामा होत गेला. ती खुर्चीत बसली तेव्हा खुर्ची करकरली. "पण तुमच्याकडं आहे ना?" ती लहान मुलासारखं म्हणाली. "त्याचं रक्त. खाली. आहे ना?" "आहे," वैजयंती म्हणाली. "फ्रीज भरलेला आहे. मी सकाळी स्वतः मोजलंय." आणि मग तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून, सव्वीस वर्षांत कुठल्याही नातेवाइकाला सांगितलं नव्हतं ते ती सगळं सांगत बसली: पिशवी कशी निघते, कोण घेऊन पळतो, लिफ्टला किती सेकंद लागतात, ती कुठं लटकवतात, थेंब कसा पडतो. ओपल एकेका शब्दाला मान हलवत होती. दोघींनी एकमेकींचा हात धरला नाही. पण ओपलचा गुडघा थरथरत होता, तो वैजयंतीच्या गुडघ्याला लागत होता, आणि वैजयंतीनं आपला गुडघा बाजूला घेतला नाही.

पाच वाजायच्या सुमाराला सर्जन आले. रक्तस्राव थांबला होता, हाडात सळी घातली होती, मुलगा ठीक होता. त्यांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि मधल्या हवेला सांगितल्यासारखं सगळं सांगितलं. पाठोपाठ पाळी बदलून आलेली मोठी सिस्टर आली. ती वैजयंतीला कित्येक वर्षं ओळखत होती. "वैजयंती! रामटेके, माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. तुझा मुलगा! अगं, बोलायचं नाहीस? चल आत. सध्या एकच जण, नेक्स्ट ऑफ किन." मग तिचं लक्ष युनिफॉर्मकडं, नखांकडं गेलं. "आणि हे गृहस्थ?"

ओपलनं पिशवी उचलली होती. इतक्या सहज, की हे तिनं किती दवाखान्यांत, किती दारांत केलं असेल ते दिसत होतं. "मी कॉरिडॉरमध्ये आहे," ती म्हणाली. आणि वैजयंती आत गेली. तिनं काही सुधारलं नाही, काही सांगितलं नाही. नाव, हनुवटी, कार्ड, सगळं तिच्या बाजूचं होतं, आणि ते वापरून ती आत गेली.

कुशचे केस वाढले होते. एका डोळ्याच्या कडेला काजळाची रेघ राहून गेली होती. त्यानं डोळे उघडले, तिला ओळखलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी जे आलं तो आनंद नव्हता. भीती होती. तिच्या मुलाला तिची भीती वाटत होती. "तू कशी आला?" तो म्हणाला. जीभ जड होती. "डॅड पण आहे?"

"नाही. मी एकटीच."

"मदर कुठंय?"

दिवसभरातला तिसरा की चौथा वार, पण हा तिनं पुरता अंगावर घेतला. "बाहेर," ती म्हणाली. "मीच तिला बाहेर ठेवून आले." त्याच्या भुवया आक्रसल्या. ती वळली, दारापाशी गेली आणि सिस्टरला म्हणाली, "फॉर्मवर ज्यांचं नाव आहे त्या बाहेर उभ्या आहेत. त्यांना आत घ्या. आम्ही दोघीही बसणार आहोत. कुणाला जायचंच असेल तर मी जाईन." सिस्टरनं फॉर्म चाळला, काहीतरी पुटपुटली आणि दार उघडून धरलं. ओपल आत आली, कुशच्या कपाळाला तिनं तळवा लावला, म्हणाली, "कपडे ठीक आहेत, बाळा. एकच बाही गेली." कुश रडायला लागला. वैजयंती पायाशी उभी राहून बघत होती. आपण गेलं पाहिजे का, हे तिला कळत नव्हतं. कुणी जा म्हणालं नव्हतं. थांबही कुणी म्हणालं नव्हतं.

तिच्या कोटाच्या खिशात मोबाईल वाजला. बंद ठेवा म्हणून भिंतीवर पाटी होती. सिस्टरनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"कुठं आहेस?" चंद्रशेखर म्हणाला. "सहाला विहारात मीटिंग आहे. किती वेळ?"

"हॉस्पिटलातच. वॉर्डात आहे. कुशला गाडीनं उडवलं. ऑपरेशन झालंय. जिवावरचं टळलं."

मागं टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "तू एकटी आहेस तिथं?"

"नाही. त्याच्या घरचे आहेत."

"घरचे म्हणजे? घरचे आपण."

"होतो," ती म्हणाली.

पलीकडं किल्ल्या वाजल्या. "मी येतो. वीस मिनिटांत."

"थांबा." एकतीस वर्षांत हा शब्द तिनं त्याला असा म्हटला नव्हता. "आधी त्याला विचारते." तिनं फोन छातीशी धरला. "कुश, बाबा येऊ का म्हणतायत."

कुशनं ओपलकडं पाहिलं. ओपल खिडकीबाहेर बघत राहिली, कसलीच मदत न करता. "आज नको," तो म्हणाला.

"आज नको म्हणतोय," तिनं फोनमध्ये सांगितलं.

"आणि तू काय म्हणतेस?" त्याच्या आवाजात धार होती. तीच, रुमालाला हात पुसतानाची.

"मीही तेच म्हणते. आज येऊ नका."

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, जोराचा, मग संथ. तो आता दारात उभा असेल, अंगात कोट, हातात किल्ल्या. काय बोलेल याची ती वाट बघत होती.

"फार दुखतंय का त्याला?" चंद्रशेखरनं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "दुखतंय."